पाटी, पोथी आणि टॅब

हळकुंड नुसते वरून पाहून कोणी विकत घेत नाही. पॉलिश केलेल्या मालाला चकाकी असतेच. जाणता व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. सांगलीच्या पेठेत तीन पिढ्या हा व्यवहार करणारे एक कुटुंब सध्या ठाण्यात घोडबंदर रोडवर, वाघबीळ नाक्याजवळ राहते. चिरंजीव वाशीच्या मसाला बाजारातील पेढी पाहतात, सूनबाई घर आणि पेढीचा पत्रव्यवहार दोन्ही सांभाळतात, नातू सातवीत आहे. मातोश्रींचे वय ७८. पतीच्या निधनानंतर सांगलीचे घर बंद करून त्या येथे आल्या. माल पारखण्यात मुरलेल्या या घराला एक टॅब निवडण्यास दोन महिने लागले. ऐकणाऱ्याला हसू येईल, परंतु कारण किरकोळ नव्हते.

आजींचा दिवस स्वाध्यायाभोवती बांधलेला आहे. सकाळी एक तास, आणि सायंकाळी सूर्यास्तापूर्वीचे भोजन उरकल्यावर पुन्हा तासभर, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केलेले ग्रंथ, आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’ची वापरून मऊ झालेली प्रत, असा मोजका संग्रह त्यांच्यासोबत सांगलीहून आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांच्या झाल्या होत्या. पुढे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार निघाला. नेत्रतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही. अक्षर मोठे, ठळक आणि उजेडात असेल तेवढेच दिसेल. आजींनी हे ऐकून घेतले आणि घरात त्याविषयी चकार शब्द काढला नाही. रोजच्या वेळी त्या पोथी उघडून बसत राहिल्या. पान उलटत नाही, हे पहिल्यांदा सूनबाईंच्या ध्यानात आले. आठ दिवस तेच पान उघडे होते. पाठ असलेले श्लोक आजी ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या आणि समोर पोथी केवळ मांडून ठेवली होती.

ठाण्यात मंदिरांची वाण नाही. टेंभी नाक्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर तर कोकण शत्रुंजय म्हणून सर्वत्र ओळखले जाते. प्रवचनेही होतात. परंतु वाघबीळहून निघून कापूरबावडी, माजिवडा ओलांडून शहरात पोहोचायचे म्हणजे काय दिव्य आहे, हे घोडबंदर रोडवर राहणाऱ्यालाच ठाऊक. एका बाजूला गायमुखच्या घाटाकडे जाणारी अवजड वाहने, मधोमध कासारवडवलीच्या मेट्रोचे खांब, आणि पावसाळ्यात खड्डे. सात-आठ किलोमीटरांना कधी वीस मिनिटे लागतात, कधी सव्वा तास. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने रोज हा प्रवास करावा, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून जे काही व्हायचे ते घरातच व्हायला हवे होते. टॅबचा विचार तेथून सुरू झाला.

घरात एखादी वस्तू येणार म्हटले की तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात. नातवाला अभ्यासासाठी टॅब हवाच होता. त्याच्या यादीत प्रोसेसरचे नाव सर्वांत वर होते आणि अभ्यासाला त्या प्रोसेसरची गरज का, याचे उत्तर त्याने दिले नाही. चिरंजिवांना वाटले, पेढीचा हिशेबही त्यावर पाहता येईल. ही समजूत लवकरच दूर झाली, ते बरे झाले. टॅली हे विंडोजच्या संगणकासाठी केलेले सॉफ्टवेअर आहे. अँड्रॉइड टॅबवर किंवा आयपॅडवर ते थेट चालत नाही. अहवाल पाहता येतात, जीएसटीचे संकेतस्थळ उघडता येते, पण दिवसभर नोंदी करण्याचे ते साधन नव्हे. व्यापारी घरांत ‘एकाच खर्चात दोन्ही कामे’ हा हिशेब फार मांडला जातो. टॅबच्या बाबतीत तो बहुधा फसतो. पेढीचे काम वजा झाले आणि प्रश्न बराच सोपा झाला.

टॅब ही वस्तू तशी जुनी नाही. ॲपलचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा टॅब मोठ्या गाजावाजाने सादर केला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. पडदा सात इंची, रॅम अवघी २५६ एमबी. हेतू उत्तम होता, परंतु पडद्यावर बोट जोराने दाबावे लागे आणि पान उघडण्याची वाट पाहता पाहता विद्यार्थ्याचा उत्साह मावळे. स्वस्त वस्तू वापरलीच गेली नाही तर तिच्याइतकी महाग दुसरी नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. या घराच्या कपाटातही असाच एक पुरावा पडून होता. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा दुसरीत असलेल्या नातवासाठी घाईने मागवलेला एक टॅब. त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणे दोन वर्षांतच थांबले, मग एकेक ॲप चालेनासे झाले, आणि अखेरीस त्याची बॅटरी फुगून पाठीचे झाकण वर आले. फुगलेली लिथियम बॅटरी घरात ठेवणे धोक्याचे आहे, हे अनेकांना माहीत नसते. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुनी उपकरणे अधिकृत पुनर्वापर केंद्रांकडेच जावीत, असा त्यांचा रोख आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ती टाकून मोकळे होणे हे अहिंसेचा विचार करणाऱ्या घराला शोभत नाही. ती बॅटरी पुढे कोणाच्या हाताने, कोठे फोडली जाईल, हे आपल्याला दिसत नाही एवढेच.

यावेळी घाई करायची नाही, असे ठरले. चिरंजिवांनी मग एक गोष्ट केली, ती खरोखर दाद देण्याजोगी आहे. ते दुकानात गेले ते आईची पोथी आणि मोजपट्टी घेऊन. दुकानातील तरुणाने मेगापिक्सेल आणि गिगाहर्ट्‌झ सांगायला सुरुवात केली, तेव्हा यांनी पोथी काउंटरवर ठेवली आणि म्हटले, “हे पान यात कसे दिसेल, तेवढे दाखवा.”

टॅबचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, तिरका. त्यावरून पान केवढे दिसेल, हे कळत नाही. आपली बहुसंख्य मराठी पुस्तके डेमी आकाराची असतात, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. तिरके मोजले तर हे पान दहा इंचांहून किंचित अधिक भरते. म्हणजे दहा-अकरा इंची टॅब उभा धरला, तर छापील पान जवळजवळ आहे त्याच आकारात दिसते, मोठे नव्हे. आजींना तेवढ्याने काय होणार? परंतु टॅब आडवा ठेवला की चित्र बदलते. अकरा इंची लांबट पडदा आडवा सव्वानऊ इंच रुंद असतो. पोथीतील मजकुराची रुंदी, चारी बाजूंचा कोरा समास सोडला, तर सव्वाचार इंच निघाली. समास पडद्याबाहेर सारून मजकूर तेवढा रुंदीभर पसरला, की अक्षर मुळाच्या दुपटीहून मोठे होते आणि ओळ वाचताना पडदा डावीउजवीकडे सरकवावा लागत नाही. आठ-पावणेनऊ इंची छोट्या टॅबवर हीच वाढ पावणेदोन पटींवर थांबते. मोबाइलवर तर जेमतेम दीड पट मिळते आणि आडव्या पडद्याची उंची पावणेतीन इंचांच्या आतबाहेर असल्याने ओळी हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच मावतात. हा फरक कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो. तो मोजपट्टीनेच कळला.

दुसरी पारख अक्षराच्या धारेची. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार ही सारी बारीक चिन्हे. रोमन लिपीतले अक्षर थोडे पुसट झाले तरी ओळखू येते, आपल्याकडे ‘नरक’ आणि ‘नर्क’ यांत रफाराचाच फरक. अकरा इंची पडद्यावर १९२० बाय १२०० बिंदू असतील तर एका इंचात सुमारे दोनशे बिंदू येतात आणि अक्षर स्वच्छ दिसते. दहा इंची पडद्यावर १३४० बाय ८०० एवढेच असतील तर इंचात दीडशेच्या आसपास. दोन्ही पडद्यांवर ‘एचडी’ असेच लिहिलेले असते. चिरंजिवांनी दोन्ही टॅबवर एकाच ग्रंथाचे एकच पान उघडायला लावले आणि खिडकीजवळ नेऊन पाहिले. दुकानातील तरुणाने नंतर कबूल केले की पोथी घेऊन आलेले हे त्याचे पहिलेच गिऱ्हाईक.

येथे एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. जुने ग्रंथ इंटरनेटवर विपुल आहेत. जैन ई-लायब्ररीवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर हजारो पुस्तके विनामूल्य मिळतात. परंतु त्यांतील बहुतेक ही पानांची छायाचित्रे आहेत. अक्षर मोठे केले की पान मोठे होते; मजकूर पडद्याच्या रुंदीत आपोआप नव्याने मांडला जात नाही. जो मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असतो, उदाहरणार्थ मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी, त्याचे अक्षर हवे तेवढे वाढवता येते, ओळी आपोआप लहान होतात, आणि टॅबला तो मराठीतून मोठ्याने वाचूनही दाखवता येतो. छायाचित्राचे वाचन मात्र यंत्राला असे सहज जमत नाही. वृद्धांसाठी टॅब घेताना त्यांना काय वाचायचे आहे आणि ते कोणत्या रूपात उपलब्ध आहे, हे आधी पाहावे. आपल्या समाजात ग्रंथ छापण्यासाठी मोठे दान होते. त्यांतील थोडे जरी युनिकोड आवृत्तीसाठी झाले, तरी अंधुक डोळ्यांचे अनेक वाचक पुन्हा वाचू लागतील.

रॅम चार जीबी घ्यावी की सहा, साठवण ६४ की १२८, यांवर नातवाने पुष्कळ वेळ खर्च केला. त्याबाबत एवढेच सांगता येईल की ६४ जीबीतील बरीचशी जागा टॅबची स्वतःची व्यवस्थाच व्यापते, म्हणून १२८ घेतलेले बरे. आणि ज्यात मेमरी कार्डाची सोय आहे, तेथे ही चिंता निम्मी होते. कॅमेऱ्यावर या घराने एक क्षणही घालवला नाही. मात्र सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हा प्रश्न प्रत्येक दुकानात आग्रहाने विचारला गेला. कपाटातल्या जुन्या टॅबने तेवढे शहाणपण दिले होते.

सिमकार्डाचा टॅब घ्यावा की केवळ वायफायचा, हा निर्णय सूनबाईंचा. सिमच्या टॅबला चार पैसे जास्त पडतात आणि महिन्याचे रिचार्ज वेगळे. टॅब घराबाहेर जाणारच नव्हता. शिवाय सिम नसलेल्या टॅबवर यूपीआयची देयके सुरू करता येत नाहीत, कारण बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम त्याच उपकरणात असावे लागते. ही उणीव आहे असे दुकानदार म्हणाला. सूनबाईंनी तिला गुण मानले. घरातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान व्यक्ती जे उपकरण हाताळणार, त्यात पैशांचे दार नसलेलेच बरे. फसवणुकीचे फोन आणि संदेश कसे येतात, हे आज कोणत्या घराला माहीत नाही? वीज गेली आणि वायफाय बंद पडले, तर मोबाइलवरून इंटरनेट देता येते. व्हॉट्सॲप हवे असल्यास ते मोबाइलच्या खात्याला जोडून टॅबवर चालते.

खरी अडचण यंत्राची नव्हतीच. आजींनी विचारले, “ज्यावर हा क्रिकेट बघणार, त्यावर मी शास्त्र उघडायचे?”

प्रश्न ऐकून नातू हसला. चिरंजीव हसले नाहीत. पोथी जमिनीवर ठेवायची नाही, पाय लागू द्यायचा नाही, उष्ट्या हाताने स्पर्श करायचा नाही, हा ज्ञानाचा विनय ज्या घरात शिकवला गेला, तेथे हा प्रश्न रास्त आहे. काही घरांत त्यावर ‘काळ बदलला आहे’ असे म्हणून पडदा टाकतात. ते उत्तर नव्हे. येथे उपाय निघाला तो निम्मा तांत्रिक आणि निम्मा घरगुती. अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये दोन किंवा अधिक व्यक्तींसाठी स्वतंत्र खाती उघडता येतात; एकाच्या खात्यातील ॲप, चित्रफिती, संदेश दुसऱ्याला दिसत नाहीत. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात, म्हणून ती आहे की नाही हे दुकानातच तपासावे लागते. आयपॅडवर घरगुती वापरासाठी अशी सोय नाही. त्याचा पडदा आणि टिकाऊपणा चिरंजिवांना पसंत असूनही तो मागे पडला, तो किमतीपेक्षा या कारणाने. आजींच्या खात्यात ग्रंथ, विश्वकोश आणि त्यांच्या भगिनींशी बोलण्यासाठी व्हिडिओ कॉल. नातवाच्या खात्यात बालभारतीची पीडीएफ पाठ्यपुस्तके, त्याचा अभ्यास आणि पालकांनी घातलेली वेळेची मर्यादा. हे यंत्राचे झाले. घरचा नियम आजींनी घातला. टॅब जेवणाच्या टेबलावर येणार नाही, पलंगावर जाणार नाही. वाचताना तो पोथीच्याच घडीच्या लाकडी स्टँडवर राहील. सामायिकाच्या वेळी तो बंद. नातवाला हे सर्व मान्य करावे लागले, आणि पलंगावर लोळत पडदा पाहण्याची त्याची सवय जी आईच्या ओरडण्याने सुटली नव्हती, ती आजीच्या अटीने सुटली.

टॅब ठरला. अकरा इंची, वायफायचा, सहा जीबी रॅमचा, किंमत करांसह २०,००० रुपये. बिल करताना पेढीच्या हिशेबनिसाचा फोन आला. पेढीच्या नावाने बिल घ्या, जीएसटी क्रमांक टाका, १८ टक्के दराने यातले सुमारे ३,०५० रुपये क्रेडिट मिळेल. असे सल्ले आपल्या घरांत रोज दिले जातात आणि बहुतेक वेळा कोणी दुसऱ्यांदा विचार करीत नाही. स्वतःच्या घरगुती वापराच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. तरीही फ्रिजपासून मोबाइलपर्यंत किती वस्तू पेढीच्या वहीत बसतात, हे ज्याचे त्याने पाहावे. आजी त्या दिवशी दुकानात सोबत होत्या. त्यांनी फोनवरचे बोलणे ऐकले.

“हा टॅब पेढीवर जाणार आहे का रे?”

“नाही, आई. तुझ्याचसाठी तर आहे.”

“मग बिलावर पेढी कशाला?”

बिल चिरंजिवांच्या स्वतःच्या नावाने झाले.

घरी आल्यावर दुसराच पेच उभा राहिला. आजींचे परिग्रह परिमाण आहे. क्षेत्र, वास्तू, सोने, धान्य यांची मर्यादा पुष्कळजण घेतात. आजींनी आपल्या खोलीतील वस्तूही मोजून ठेवल्या आहेत. त्यात यंत्रवस्तू चार: घड्याळ, साधा फोन, कानाचे यंत्र आणि रेडिओ. टॅब पाचवा. शास्त्रकारांनी बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले, त्यांत हा कोठे बसवायचा, यावर घरात थोडी गमतीची चर्चाही झाली; सूनबाईंनी तो भांड्यांत घातला. चिरंजिवांनी व्यवहारी तोड सुचवली. टॅब त्यांच्या नावावर आहे, घरात सर्वांचा आहे, आजी तो केवळ वापरणार. त्यांच्या मर्यादेशी त्याचा संबंध येतोच कुठे? बिलाचा कागदही तसेच सांगत होता.

आजींनी मान हलवली. “ज्याच्यावाचून उद्या माझा दिवस जाणार नाही, ते माझेच म्हणायचे.”

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. टॅब स्टँडवर होता, पण त्यांनी तो उघडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओ पुसून घेतला, त्याच्या कातडी वेष्टणाचे बटण लावले आणि तो इमारतीच्या रात्रपाळीच्या रखवालदाराला देऊन टाकला. तो रेडिओ आजोबांचा. सांगलीला असताना सकाळी त्यावर आकाशवाणी सांगली लागे. ठाण्यात आल्यापासून ते केंद्र त्यावर कधी लागले नव्हते, तरी त्याची सुई आजींनी त्या जागेवरून हलवू दिली नव्हती.

त्या सायंकाळी सूनबाईंनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’चे पान उघडून समास बाहेर सारले आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे केली, आजींच्या डोळ्यांना ती अधिक स्पष्ट दिसतात, हे दुकानातच ध्यानात आले होते. आजी एकदा म्हणाल्या की उजेड कमी कर. मग त्यांनी बोटाने पान सरकवले. पहिल्या दिवशी चार पाने झाली, आठवडाअखेर अकरा. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की हा शब्द त्या इतकी वर्षे चुकीचा म्हणत होत्या. जुन्या प्रतीत त्या जागी शाईचा डाग होता.

टॅबवर सध्या दोन खाती आहेत. तिसरे, चिरंजिवांचे, अद्याप उघडलेले नाही.